वाइतोआची फिरती टेकडी

वाइतोआ बेटाच्या खाडीत बोट शिरली, की समोर एक टेकडी दिसते. उंचीला बेताचीच. उतारावर नीरफणसाची आणि नारळाची दाटी, माथा मात्र सपाट. माथ्यावर पोवळ्याच्या चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली एक लांबट इमारत आहे आणि इमारतीपुढे वाळूचं मोठं अंगण. ही इथली जुनी मिशनशाळा. आसपासच्या लहानलहान बेटांवर शिकवायला जे शिक्षक जातात, ते इथे तयार होतात आणि इथूनच होडीत बसतात. टेकडी कधी जागची हललेली नाही. तिच्या पोटात आग नाही, तिला भूकंपाचा धक्का बसल्याचंही कुणाला आठवत नाही. तरी बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा तिला 'फिरती टेकडी' म्हणतं.

पाहुण्यांना टेकडी दाखवायचं काम मेलेनाइते आजीकडे आहे. आजी आता वाकली आहे, पण चढणीवर तिच्याबरोबर चालताना तरण्या पाहुण्यांना धाप लागते. वर पोचलं की ती सगळ्यांना पायरीवर बसवते, हातात शहाळी देते आणि विचारते, "तुम्ही कुठले?" पाहुणा हिंदुस्थानातला निघाला, त्यातून मराठी बोलणारा निघाला, तर आजी त्याचे दोन्ही हात धरते आणि म्हणते, "मग तुम्ही सालुच्या माहेरचे. तुम्हाला गोष्ट नीट सांगायला हवी."

आणि ती सांगू लागते.

फार जुनी गोष्ट. तेव्हा जहाजं शिडाची होती आणि मिशनचं जहाज वर्षातून कधीतरी एखादी खेप इकडे टाकायचं, असं सांगतात. अशाच एका खेपेला जहाजातून दोन बायका उतरल्या. पुढची गोरी, जाडजूड, काळ्या झग्यातली, नाकावर चष्मा. ती मिस ऑल्ड्रिच. मागची सावळी, अंगानं किरकोळ, नऊवारी लुगड्यातली, डोक्यावर पदर. ती सारूबाई भिंगारदिवे. बेटावरच्या लोकांनी गोऱ्या बायका पाहिल्या होत्या, लुगडं पाहिलं नव्हतं. एवढं लांब कापड एकाच बाईला कशाला लागतं, यावर म्हणे बायकांत बरेच दिवस चर्चा चालली होती.

सारूबाई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मिशनच्या शाळेत शिकली, तिथेच शिक्षकीण झाली, तिथल्याच एका मास्तराशी तिचं लग्न लागलं. लग्नाला पुरतं वर्ष झालं नाही, तोच पटकीच्या साथीत नवरा गेला. नंतर ती शाळेत शिकवत राहिली, पण तिचं हसू गेलं ते गेलंच. पुढे मिस ऑल्ड्रिच, जिनं तिला पहिली बाराखडी शिकवली होती, तिला मिशननं दूरच्या महासागरातल्या या बेटावर पाठवायचं ठरवलं. इथल्या मिशनशाळेत फक्त मुलगे शिकायचे. मुलींनाही शिक्षकीण करायचं, त्यांचा वर्ग काढायचा, असं काम होतं. मिसबाईंनी सारूबाईला विचारलं, "येता का माझ्याबरोबर?"

सारूबाईनं समुद्रही पाहिलेला नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "तिथं जवारी पिकते का?"

"नाही."

सारूबाई उठली आणि लुगडी बांधायला लागली.

शाळेचे मुख्य होते हॉलिस पाद्री. उंच, शिडशिडीत, हाताला सुतारकीचा नाद. मुलींच्या वर्गासाठी बाकं त्यांनी स्वतः रंधा मारून तयार केली होती. माणूस मनानं चांगला, पण नियमाला पक्का. नियम त्यांनी केलेले नव्हते, त्यांच्या आधीच्या लोकांनी केलेले होते, म्हणून तर ते मोडायची त्यांना जास्तच भीती वाटायची.

वर्ग सुरू झाला, म्हणजे दार उघडलं. मुली आल्याच नाहीत. सारूबाई रोज सकाळी बाकं पुसायची, फळ्यावर त्यांच्या भाषेतली अक्षरं काढायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. शेजारच्या वर्गात मुलगे मोठ्यानं पाठ म्हणायचे. हिच्या वर्गात ताज्या लाकडाचा वास आणि माश्या.

पण ती हात जोडून बसणाऱ्यातली नव्हती. दुपारी ती खाली वस्तीत जायची. बायका ओहोटीला शिंपले वेचत, तीही पदर खोचून वेचायला लागली. बायका झाडाच्या साली लाकडी मोगऱ्यांनी कुटून कापड करत, तीही मोगरी घेऊन बसली. असं करता करता त्यांची भाषा तिच्या तोंडात बसली. बायकांना तिचं नाव म्हणता येईना, कारण त्यांच्या जिभेला 'र' वळत नाही. सारूबाईची त्यांनी सालु केली. एकदा तिनं तिथल्या कंदाचं पीठ करून भाकरी थापायचा घाट घातला. भाकरी हाताला चिकटली, ती सोडवायला गेली तर दुसऱ्या हाताला चिकटली. बायका हसून हसून लोळल्या. सारूबाई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही हसावंसं वाटलं, पण हसू ओठापर्यंत येऊन परत गेलं.

त्याच बायकांपैकी एकीनं एक दिवस शिंपले धुता धुता तिला सांगितलं, मुली का येत नाहीत ते.

हॉलिससाहेबांच्याही आधी इथे दुसरे एक पाद्री होते. नाच म्हणजे सैतानाचं काम, असं त्यांचं मत. त्यांनी बेटावरचे ढोल जाळायला लावले. बेटाचा सरदार तेव्हाही मोहेताउच होता, केस काळे होते एवढंच. त्याची बायको फिफिता. ती नाचायला लागली की समुद्रावरचे पक्षी खाली येऊन बसायचे, असं सांगतात. त्यांच्या मुलीचं लग्न टेकडीवरच्या याच अंगणात लागलं. लेकीच्या लग्नात आईचे पाय कसे थांबणार? फिफिता नाचली. पाद्र्यांनी तिथल्या तिथे, सगळ्या वऱ्हाडादेखत, तिचं नाव चर्चच्या मंडळीतून काढून टाकलं. फिफितानं गळ्यातली फुलांची माळ काढून अंगणाच्या भिंतीवर ठेवली आणि घरी निघून गेली. पुन्हा कधी नाचली नाही, आणि फार दिवस जगलीही नाही.

तिला मूठमाती देऊन मोहेताउ टेकडीवर आला. तेव्हा अंगणाभोवती पोवळ्याच्या दगडांची कमरेएवढी भिंत होती. भिंतीच्या बाहेर उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या अंगणात पुन्हा आनंदानं नाच होईल, आणि तुमच्यातलंच कुणी नाचेल, त्या दिवशी माझ्या बेटाच्या लेकी इथे येतील. तोवर त्यांचं पाऊल या भिंतीच्या आत पडणार नाही. माझंही पडणार नाही."

सरदारानं शब्द दिला की तो सगळ्या बेटाचा. मुलगे शाळेत येत राहिले, कारण शब्द लेकींचा होता. लेकी बाहेर राहिल्या.

हे ऐकून सारूबाईला राग आला नाही. त्या बाईनं काढून ठेवलेली माळ तिला डोळ्यांपुढे दिसत राहिली. त्या सरदाराच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात जहाज पुन्हा एक खेप टाकून गेलं आणि जाताना मिशनच्या वरिष्ठांचा निरोप सांगून गेलं. रिकामा वर्ग किती दिवस चालवायचा? पुढच्या खेपेपर्यंत मुली आल्या नाहीत तर वर्ग बंद करा, दोघी बायकांना परत पाठवा. हॉलिससाहेबांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता. बाकं त्यांनी केलेली होती.

सारूबाईपुढे प्रश्न पडला, परत जायचं ते कुठे? नगरला तिची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली होती. सासरी कुणी विचारणार नव्हतं. आणि खरं म्हणजे आता तिला जायचं नव्हतं. कारण मधल्या काळात तिला सियाले भेटली होती.

सियाले ही फिफिताची नात. ज्या लग्नात फिफिता नाचली त्या लग्नाची लेक. लग्नाच्या वयाची, उंच, ठसठशीत, आणि शिकायची अशी हौस की विचारू नये. ती रोज भिंतीशी यायची. आत पाऊल टाकायचं नाही हा आजोबाचा शब्द. पण भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, असं तर आजोबा म्हणाला नव्हता! सारूबाई फळा उचलून भिंतीशी आणायची. सियाले बाहेरच्या वाळूत काडीनं अक्षरं गिरवायची. बघता बघता ती वाचायला लागली. मग तिच्या मैत्रिणी यायला लागल्या. भिंतीच्या आत रिकामी बाकं आणि बाहेर वाळूत भरलेला वर्ग, असं चाललं होतं. पण बाहेरच्या वर्गाला वर्ग म्हणायला वरिष्ठ तयार होणार नव्हते.

एके दिवशी सियालेनं विचारलं, "सालु, तुमच्या गावात मुली खुशीत असल्या की काय करतात?"

सारूबाईला सांगता येईना. ती म्हणाली, "हात दे. असे नाही, असे. एकावर एक." तिनं सियालेचे हात आडवे धरले, पावलं जुळवून मागे झुकली, पण मध्ये भिंत. दोघींच्या पोटाला दगड टोचायला लागले. सियाले म्हणाली, "मी आत येऊ शकत नाही. तू बाहेर ये ना."

तेवढं साधं सारूबाईला आजवर सुचलं नव्हतं. ती भिंतीला वळसा घालून बाहेर आली आणि मुलींबरोबर पार खाली समुद्राकाठी गेली. ओल्या, घट्ट वाळूवर दोघींनी पावलं जुळवली. सारूबाईनं तोंडानं फूं फूं ठेका धरला आणि फुगडी सुरू झाली. सियालेची पहिल्यांदा पावलं अडखळली, मग साधलं, आणि मग वेग आला. समुद्र, नारळ, होड्या, पोरी, सगळं एकात एक मिसळून गरगरायला लागलं. सारूबाईचा पदर सुटला, अंबाडा सुटला. आणि कुठून कोण जाणे, इतक्या वर्षांनी तिचं हसू सुटलं. दोघी वाळूत पडल्या तरी ती हसतच होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं आहे की कशाचं, तिचं तिलाच कळेना.

डोकं ठिकाणावर आलं तेव्हा समोर मोहेताउ उभा होता. थोराड देह, पांढरे केस, हातात वल्हं.

"काय म्हणतात याला?" त्यानं विचारलं.

"फुगडी, आजोबा."

"फुकाती," तो म्हणाला. त्याला तेवढंच म्हणता आलं. "हा तुमच्याकडचा नाच?"

"आमच्याकडे खेळ म्हणतात. पण खेळताना असं कुणी विचारत बसत नाही."

म्हातारा तिच्या वाळूनं भरलेल्या पावलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फिफिताला आवडलं असतं. पण हे भिंतीच्या बाहेर झालं." एवढं बोलून तो गेला.

त्या दिवसापासून सारूबाईच्या मनानं एकच घेतलं. ती हॉलिससाहेबांकडे गेली. साहेब एका होडीची फळी तासत होते.

"साहेब, शाळेच्या नियमात नाच म्हणजे काय?"

साहेबांना नियम तोंडपाठ होते. "ढोलाच्या तालावर हात हलवणं, कंबर लचकवणं, पाय नाचवत अंगणभर फिरणं."

"आणि हात बांधलेले असले, पावलं एका जागी असली, ढोल नसला, तर?"

"तर तो नाच कसा होईल?" साहेब फळीवरून हात फिरवत म्हणाले. पुढे काही विचारायला त्यांनी मान वर केली, तोवर सारूबाई निघून गेलेली.

फुगडी एकटीनं होत नाही. जोडीला शाळेतलंच कुणी हवं. सियाले आत येऊ शकत नव्हती. उरल्या मिसबाई. त्या वयानं साठीकडे झुकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि त्यांना हसताना नगरमध्येसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. सारूबाईनं धीर करून विचारलं, "मिसबाई, तुम्हाला फुगडी ठाऊक आहे का हो?"

मिस ऑल्ड्रिचनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सारूबाई, नगरच्या शाळेच्या विहिरीमागे तुम्ही पोरी काय करत होता, ते मला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?"

"मग तुम्ही कधी रागावला नाहीत ते?"

"मी खिडकीत यायच्या आधी चष्मा काढून ठेवत असे," मिसबाई म्हणाल्या. "म्हणजे विचारलं तर दिसलं नाही असं सांगता आलं असतं." आणि मग हळूच म्हणाल्या, "कधीतरी कुणीतरी हात पुढे करील असं मात्र वाटायचं."

जहाज आलं. खाडीत नांगर पडला. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, भरती लागलेली. दोघींच्या पेट्या खलाशांनी उचलून खाली होडीत नेल्यासुद्धा. निरोप द्यायला सगळं बेट टेकडीवर लोटलं होतं. मुलगे अंगणात, जहाजाचा कप्तान पायरीवर बसलेला, बाकीचे भिंतीबाहेर. बायकांनी सोबत आणलेल्या सालीच्या कापडाचं कुटणं भिंतीशी चाललं होतं, कारण ते काम अर्ध्यात सोडलं तर कापड वाळून जातं. सरदार मोहेताउ भिंतीपलीकडे आपल्या चटईवर बसला होता. सियाले त्याच्यामागे तोंड पाडून उभी.

हॉलिससाहेबांनी प्रार्थना म्हटली. आमेन झालं. आणि सारूबाई अंगणाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. पदर खोचला, चपला काढल्या. "मिसबाई, या," ती म्हणाली.

मिस ऑल्ड्रिचनी टोपी काढून एका विद्यार्थ्याच्या हातात दिली, बूट काढून पायरीवर ठेवले, आणि काळा झगा दोन बोटं वर धरून पुढे आल्या. हात जुळले. पावलं जुळली. साहेबांना काय चाललंय ते कळायच्या आत सारूबाईनं मोठ्यानं म्हटलं:

"नगरच्या किल्ल्याला चिंचेची सावली,
मिसबाई माझी दर्यापार धावली!"

आणि फुगडी फिरायला लागली.

आधी सावकाश, कारण मिसबाईंचे गुडघे. मग थोडी जोरात. भिंतीबाहेर बायकांच्या मोगऱ्या सालीवर पडतच होत्या. त्यांचा ठोका आणि दोघींचा फूं फूं केव्हा एक झाला, कुणाला कळलंच नाही. ढोल नव्हता, कापड कुटणं होतं. मिसबाईंचा पांढरा अंबाडा सुटून झेंड्यासारखा उडायला लागला. चष्मा उडाला तो थेट कप्तानाच्या मांडीवर. आणि त्या हसल्या. अशा हसल्या, की ते हसू खाली बंदरात ऐकू गेलं, असं सांगतात. भिंतीबाहेरच्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या, मुलगे शिट्ट्या मारायला लागले.

दोघी थांबल्या तेव्हा मोहेताउ उठून उभा राहिला होता. मोगऱ्याही थांबल्या.

"पाद्री," तो म्हणाला, "हा नाच आहे का?"

हे सारूबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेब 'नाही' म्हणाले, तर म्हाताऱ्याचा शब्द पुरा होत नव्हता आणि मुली बाहेरच राहत होत्या. 'हो' म्हणाले, तर नियम मोडलेला, आणि तिच्याबरोबर बिचाऱ्या मिसबाईंचंही नाव मंडळीतून जाणार. आणि हॉलिससाहेब खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं.

साहेबांनी मिसबाईंकडे पाहिलं, रिकाम्या वर्गाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "मला सांगता येत नाही. मी कधी केलेलं नाही."

मोहेताउनं यावर थोडा विचार केला. मग त्यानं भिंतीवर हात टेकून एक पाय उचलला आणि भिंत ओलांडून आत टाकला. मग दुसरा. फिफिता गेल्यापासून त्या अंगणात त्याचं पाऊल पडलं नव्हतं. तो चालत थेट साहेबांसमोर आला आणि आपले भलेमोठे हात एकावर एक आडवे धरून त्यानं पुढे केले.

"मग करून बघू," तो म्हणाला.

एक क्षण वाटलं, साहेब मागे सरणार. पण त्यांनी कोटाची बटणं सोडली, कोट काढला, नीट घडी करून पायरीवर ठेवला, आणि म्हाताऱ्याचे हात धरले.

ती फुगडी जगात दुसरीकडे कुठे झाली नसेल. एक माणूस नारळाच्या झाडासारखा, दुसरा नीरफणसाच्या बुंध्यासारखा. सरदाराच्या वजनानं साहेबांचे पाय जमिनीवर टेकत होते की नव्हते, देवाला ठाऊक. सारूबाई ओरडून सांगत होती, "मागे झुका साहेब, मागे! हात सोडू नका!" बायकांच्या मोगऱ्या पुन्हा सुरू झाल्या. फिरता फिरता साहेबांच्या तोंडून एक आरोळी निघाली. लहानपणी झोक्यावर बसल्यावर पोरं मारतात तसली. त्यांची त्यांनाच ती नवी वाटली असेल. खाली जहाजावर राहिलेले खलाशी म्हणे नंतर शपथेवर सांगत होते, की आम्ही डोळ्यांनी पाहिलं, टेकडीच गरगर फिरत होती, झाडं आणि इमारतीसकट.

शेवटी दोघं धपकन वाळूत बसले. मोहेताउनं साहेबांचा खांदा धरला, कारण ते एका बाजूला कलंडत होते.

"आता सांग. नाच आहे का?"

साहेबांनी डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. दोन्ही हातांनी वाळू घट्ट धरली. "जमीन फिरायची थांबली," ते म्हणाले, "की सांगतो."

मोहेताउ हसायला लागला. त्याचं ते पोट हलवणारं हसू, आणि गालांवरून ओघळणारं पाणी. "नको सांगूस," तो म्हणाला. "कधी सांगू नकोस. थांबूच नये ती." मग मान वळवून त्यानं हाक मारली, "सियाले! ये. तुझी आजी इथे नाचत होती. ये आत."

सियाले फाटकाकडे गेलीच नाही. तिनं भिंतीवरून उडी मारली. तिच्यामागे सगळ्या पोरींनी उड्या मारल्या, आणि इतक्या जणींच्या भारानं ती जुनी पोवळ्याची भिंत ठिकठिकाणी ढासळली. ती पुन्हा कुणी बांधली नाही. सारूबाई उभी होती तिथेच उभी राहिली. सियाले येऊन तिच्या गळ्यात पडली आणि दोघी पुन्हा वाळूत पडल्या.

कप्तान भला माणूस. भरती जात होती तरी तो थांबला. पेट्या परत वर आल्या, एक जरा भिजली. संध्याकाळपर्यंत मुलींची बाकं भरलेली होती. हॉलिससाहेबांनी म्हणे पुढे कधीच त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. कुणी विचारलं तर ते जमिनीकडे बघायचे, पाय जरा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही थांबली."

सारूबाई वाइतोआवरच राहिली. तिच्या मुली शिकून तयार झाल्या. मग तो दिवस आला, ज्यासाठी त्या शिकत होत्या. सियालेला आणि तिच्या मैत्रिणीला दूरच्या एका बेटावर शाळा काढायला पाठवायचं ठरलं. सारूबाईनं आपणच तिला तयार केलं होतं, आपणच तिची पेटी भरली होती, तरी होडी किनाऱ्यावरून सुटली तेव्हा तिचा बांध फुटला. आता कधी भेट होईल, होईल की नाही, कुणी सांगावं? ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

होडी लाटांच्या पांढऱ्या रेघेपर्यंत गेली. तेव्हा सियाले उभी राहिली. होडी डुलत होती, तरी उभी राहिली, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "सालु! जमीन थांबली का?"

सारूबाईला रडता रडता हसू आलं. तिनं पदर सोडून दिला, तो पाण्यावर पसरला. सगळं बळ एकवटून ती ओरडली, "नाही गं! अजून फिरतेय!"

आजही वाइतोआच्या मिशनशाळेतून शिकून निघालेल्यांना असाच निरोप देतात. सकाळी टेकडीवरच्या अंगणात सगळ्यांची फुकाती होते. नवे शिक्षक, जुने शिक्षक, त्यांचे आईबाप, मुख्याध्यापकसुद्धा. मग सगळे किनाऱ्यावर येतात. गेल्या खेपेला मेलेनाइते आजीची धाकटी नात होडीत होती. होडी लाटांपाशी पोचली, की होडीतून विचारायचं आणि किनाऱ्यावरून सांगायचं, अशी रीत आहे. रडू आलं तरी सांगायचं. होडी ठिपक्याएवढी होते, आवाज तिथवर पोचणं शक्य नसतं, तरी किनाऱ्यावरच्या कुणाला ना कुणाला राहवत नाही आणि तो पुन्हा ओरडतो, "अजून फिरतेय!" मग सगळे हसतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकतात, आणि जेवायला जातात.